कै. ताराबाई मोडक : आईच्या अंगणात शाळा नेणाऱ्या शिक्षिका

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, हा प्रघात जुना आहे. बहुधा ते चरित्र ज्ञातीतीलच एखाद्या कर्तबगार पुरुषाचे असते. यंदा संपादक मंडळाच्या अनुज्ञेने आम्ही हा प्रघात दोन्ही बाजूंनी मोडीत आहोत. ज्यांच्याविषयी आम्ही लिहिणार आहोत त्या ताराबाई मोडक पुरुष नव्हत्या, आणि आपल्या ज्ञातीच्याही नव्हत्या. तथापि मुलांना कसे वाढवावे याविषयी आपल्या घरोघरी सासू-सुनांत आणि आई-आजींत जो वाद अखंड चाललेला असतो, त्यावर या बाईंच्या आयुष्याइतका प्रकाश दुसऱ्या कोणाच्या आयुष्याने पडेल असे आम्हांस वाटत नाही.

हा वाद कसा चालतो हे भगिनीवर्गास आम्ही सांगावयास नको. खेड्यात वाढलेल्या आजीला वाटते की सून मुलाला फार जपते. शहरात शिकलेल्या सुनेला वाटते की सासूबाई नातवाला मातीत लोळू देतात. एकीच्या मते मूल रडले की उचलावे, दुसरीच्या मते थोडे रडू द्यावे. एकीला मूल आज्ञाधारक हवे, दुसरीला ते हुषार हवे. दोघींचेही प्रेम खरे असते. परंतु प्रत्येकीच्या मनात मूल कसे असावे याचे जे चित्र असते, ते ती जेथे वाढली त्या घराने, त्या गावाने, त्या कामधंद्याने रेखाटलेले असते. शिक्षकांच्या खोलीत मात्र या सर्वांचा निकाल एका वाक्यात लागतो, तो असा, की आई अडाणी आहे. ताराबाईंनी हा निकाल मानला नाही, आणि त्यांच्या चरित्रातील आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाचे होते. हे येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, ज्या काळी बहुतेक घरांतून मुलीच्या संगोपनाचा अर्थ तिला चूल, व्रतवैकल्ये आणि सासर यांसाठी तयार करणे एवढाच होता, त्या काळी प्रार्थना समाजाच्या घरांतून मुलीला शाळेत धाडणे हा धर्माचाच भाग समजला जाई. म्हणजे ताराबाईंचे स्वतःचे बालपणदेखील एका विशिष्ट संस्कारसृष्टीने घडविलेले होते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास उभयता विभक्त झाले. त्या काळी एका सुशिक्षित स्त्रीने लहान मुलीला घेऊन स्वतंत्र बिऱ्हाड करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यांच्या खासगी दुःखाविषयी अधिक लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या जीवनावरून सुचलेले आहे. ज्यांना त्या बाजूची जिज्ञासा असेल त्यांनी ते अवश्य पाहावे.

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. पद मानाचे होते आणि वेतनही चांगले होते. दुसरी कोणी असती तर तेथेच स्थिरावली असती. परंतु काठेवाडातच, भावनगर येथे, दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका या गृहस्थांनी १९२० साली एक बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाची काळजी वाहता वाहता ते इटलीच्या मारिया माँटेसोरी यांच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले आणि वकिली सोडून लहान मुलांचे झाले. गुजराथेत त्यांना मिशीवाली आई म्हणत असत. पुरुषाने आई व्हावे हेच मुळी आपल्याकडे नवल. आणि लोकांनी ते बिरूद त्यांना थट्टेने नव्हे, तर प्रेमाने दिले. ताराबाई १९२३ साली या मिशीवाल्या आईच्या कार्यात सामील झाल्या. गुजराथी ही त्यांची मातृभाषा नव्हे, तरी त्या गुजराथीतून लिहू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या संघाची ‘शिक्षणपत्रिका’ गुजराथीत निघे, पुढे ती मराठीतही निघू लागली. बालकांचा हट्ट, शिस्त, मारझोड, भीती अशा विषयांवर ताराबाईंनी आईबापांसाठी वर्षानुवर्षे लेखन केले. मुलाला मारू नये, बागुलबुवा दाखवू नये, लाच देऊ नये, हे आज पुष्कळांच्या तोंडी आहे. परंतु छडीवाचून विद्या नाही अशी ज्या समाजाची दृढ समजूत होती, त्या समाजात हे प्रथम सांगणाऱ्यांना काय ऐकावे लागले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईस दादर येथे शिशुविहार सुरू केला. बालमंदिराबरोबर शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही तेथे उभे राहिले. दादर-हिंदू कॉलनीची तेव्हाची वस्ती म्हणजे कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर अशा पांढरपेशा कुटुंबांची. या वस्तीतील आईला आपण सर्वजण ओळखतो, कारण ती आपल्या पुष्कळांच्या घरातीलच आहे. तिच्या घरी शेत नाही, दुकान नाही, वडिलार्जित असे काही नाही. घर चालते ते परीक्षेच्या प्रमाणपत्रावर मिळालेल्या नोकरीवर. साहजिकच तिच्या लेखी मूल म्हणजे भावी परीक्षार्थी. अडीच-तीन वर्षांचा मुलगा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचतो, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओततो, सदऱ्याच्या गुंड्या लावतो-काढतो, याने तिचे समाधान होत नाही. त्याने श्रीगणेशा कधी गिरवला, शंभरपर्यंत आकडे केव्हा म्हणेल, हे तिला हवे असते. कपडे मळले तर तिला शेजाऱ्यांची लाज वाटते. तिला हावरी म्हणणे सोपे आहे. पण पाटीवरच्या अक्षराखेरीज दुसरी कोणतीही शिदोरी मुलाला देण्यासारखी तिच्याजवळ नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या उतावळेपणाची उपपत्ती लागते. बालमंदिरे निघून इतकी वर्षे झाली तरी तो उतावळेपणा गेलेला नाही. उलट तीन वर्षांच्या बालकाची आणि त्याच्या आईबापांची मुलाखत घेऊन प्रवेश देण्याची प्रथा आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली आहे. असो.

या दादरच्या कार्यात ताराबाईंना यश आले, नाव झाले. परंतु एक गोष्ट त्यांना डाचू लागली. माँटेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत काढले होते. तेथील आया दिवसभर कामास जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांवर व भिंतींवर उच्छाद मांडीत. म्हणून त्याच इमारतीत त्यांच्यासाठी एक खोली उघडण्यात आली, इतके त्या प्रसिद्ध पद्धतीचे मूळ साधे आहे. मजूर आईच्या सोयीतून जन्मलेली ही पद्धती हिंदुस्थानात येईतो मात्र श्रीमंतांची झाली. साधने महाग, शिक्षिका दुर्मिळ, फी जबर. पुढे १९३९ साली माँटेसोरीबाई स्वतः मद्रासेस येऊन राहिल्या, शेकडो शिक्षकांना त्यांनी तयार केले, तरी हे चित्र फारसे पालटले नाही. ज्या आईसाठी हे सारे प्रथम निर्माण झाले ती आई या देशात बालमंदिराच्या दारापर्यंतही येत नव्हती. गांधीजींच्या विचारांचा ओढा ताराबाईंच्या मनाला होताच. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी दादरचे जमलेले बस्तान मागे ठेवले आणि ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, डहाणूजवळच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले.

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. आचार्य भिसे यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकांमुळे ते शिक्षणाच्या दृष्टीने अगदीच अपरिचित नव्हते. येथे ताराबाईंना सहकारी म्हणून मिळाल्या त्या अनुताई वाघ. मोरगावी १९१० साली जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी पुढील सारे आयुष्य या कामास दिले. विभक्त झालेली एक आणि बालविधवा दुसरी, अशा दोन स्त्रियांनी महाराष्ट्रातील गरीब आईला मूल कसे वाढवावे हे दाखवावयास निघावे, याला तेव्हाच्या कर्मठ दृष्टीने काय नाव दिले असते ते सांगण्याची गरज नाही.

बालवाडी तर उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुलेच येईनात. येथून पुढचा भाग आम्ही जरा सावकाश सांगणार आहोत. सर्वसामान्य कार्यकर्ता अशा वेळी दोन गोष्टी करतो. प्रथम तो व्याख्यान देतो, आणि नंतर लोकांना शिक्षणाची किंमत नाही असा अभिप्राय लिहून परत जातो. ताराबाईंनी आईचा दिवस पाहिला. कष्टकरी वस्तीतील बाई दिवस उगवताच मजुरीला निघे. तिच्या पोरांना अंघोळ कोण घालणार, वेणी कोण घालणार, आणि अमुक वाजता गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन कोण पोहोचविणार? वेळेवर स्वच्छ होऊन येणारे मूल ही कल्पनाच मुळी अशा घरातली, जेथे सकाळी कोणीतरी मोठे माणूस घरी असते. दुसरेही एक कारण होते. त्या काळी ज्यांना हरिजन म्हणत त्या वस्तीतील आईला गावाच्या मधोमध असलेल्या वास्तूत आपले मूल पाठविण्याचा धीर कसा व्हावा? पिढ्यान्‌पिढ्या जिला दुरून जा असेच ऐकावे लागले, तिने मुलाला शिकविलेला पहिला धडा दूर राहण्याचाच असणार. तोही वात्सल्याचाच धडा होता, कारण त्याने मूल मारापासून वाचे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट लिहिताना आमची लेखणी क्षणभर थबकते. पण लिहिणे प्राप्त आहे.

ताराबाईंनी मग शाळाच उचलली आणि त्या वस्तीत, घरांच्या पुढच्या अंगणात नेली. यालाच त्यांनी अंगणवाडी असे नाव दिले. अंगण झाडावयाचे, मुलांना तेथेच न्हाऊ घालावयाचे, नखे काढावयाची, केस विंचरावयाचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, चिंचोके, खडे, पाने, मातीचे गोळे, काड्या. समुद्र आणि रान जे फुकट देई ते सर्व साधन. परंतु या युक्तीचे मर्म स्वस्ताईत नाही, असे आमचे मत आहे. मर्म यात आहे की आई आता पाहू शकत होती. कामाला जाता-येता, दारात बसून तांदूळ निवडताना, तिला दिसे की आपल्या मुलाला कोणी मारीत नाही, आपल्या मुलाचा कोणाला विटाळ होत नाही, आणि काल जे पोर नाक पुसत नव्हते ते आज आपण होऊन पुसते. शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते ते नुसत्या पाहण्याने होऊ लागले. आईच्या समजुतीवर हल्ला न करता तिच्या समजुतीच्या शेजारी दुसरी गोष्ट नेऊन ठेवावयाची, ही ती रीत.

मधल्या काळात, १९४६ ते १९५१, त्या मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्या होत्या; १९४९ साली इटलीतील माँटेसोरी परिषदेसही जाऊन आल्या. पण त्यांचे चित्त बोर्डीच्या मागच्या डोंगराकडे लागलेले होते.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. अंतर थोडे, पण जग निराळे. ही वारली आदिवासींची वस्ती. याच मुलुखात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. जमीनदाराच्या शेतात, गवताच्या कापणीत आणि जंगलात राबणारी ही माणसे. वारली आई मुलाला वाढवी ते पाहून आपल्या पांढरपेशा बाईच्या जिवाचे पाणी झाले असते. तान्हे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत, रांगते मूल मातीत, चालते मूल रानात. कोणी त्याच्या मागे दुधाची वाटी घेऊन धावत नाही, कोणी पडशील, लागेल, असे दर क्षणी ओरडत नाही. वस्तुतः ज्या स्वावलंबनासाठी दादरच्या बालमंदिरात गुंड्यांच्या चौकटी ठेवाव्या लागत, ते स्वावलंबन या मुलांच्या अंगी आपोआप मुरलेले होते. झाड कोणते, पाखरू कोणते, कोणते कंद खाण्याजोगे, हे सहा वर्षांच्या पोराला ठाऊक. आमच्या चौथीच्या वर्गातील हुषार मुलांनाही यातले काही सांगता आले नसते.

या स्वातंत्र्याला दुसरी बाजूही होती. सहा-सात वर्षांचा मुलगा झाला की तो गुरे राखावयास जाई, आणि तेवढीच मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर वावरे. आई तिच्यावर मूल सोपवून कामाला जाई, कारण ती गेली नाही तर संध्याकाळी चूल पेटत नसे. अशा आईला मुलीला शाळेत पाठव म्हणून सांगणे म्हणजे घरातली दुसरी आई काढून घेणे होते. तिचा नकार अज्ञानाचा नव्हता. तो हिशेबाचा होता, आणि हिशेब बरोबर होता.

येथे ताराबाईंची बुद्धी पुनः आईच्या हिशेबातूनच चालली. मुलगी भावंडामुळे येऊ शकत नाही ना? मग भावंडालाही येऊ द्यावे. एकाच ठिकाणी तान्ह्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, अशी रचना त्यांनी केली आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. बहिणीने कडेवरचे ओझे पाळणाघरात उतरवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे, आणि आपण वर्गात जाऊन बसावे. आणि भावंड रडले तर चार पावलांवर ती आहेच. उरला गुराखी. तो गुरांना सोडून येऊ शकत नाही, तर शिक्षकानेच कुरणावर जावे. गुरे चरत आहेत, झाडाखाली फळा टेकविला आहे आणि पोरे आकडे शिकत आहेत, अशी ही कुरणशाळा. कित्येकांनी तिला पोरखेळ म्हटले असेल. आम्ही स्वतः जन्मभर चार भिंतींच्या आत शिकविले. पण पटावर नाव असून वर्षभर न दिसणाऱ्या मुलांची संख्या ज्याने पाहिली आहे तो शिक्षक कुरणशाळेला हसणार नाही.

ताराबाईंनी वारली आईची रीत थोर आणि पांढरपेशा आईची रीत हीन ठरविली, किंवा याच्या उलट केले, असे वाचकांनी समजू नये. अंगावरची खरूज, तापात प्रथम भगताकडे धाव घेणे, पोटभर अन्नाचा अभाव, या गोष्टींना त्यांनी संस्कृतीच्या नावाखाली झाकले नाही. अंघोळ, औषध आणि खाऊ यांना अक्षरांइतकेच, किंबहुना अक्षरांच्या आधी, स्थान दिले. एवढेच, की कोणत्याही आईला सुधारावयाचे झाल्यास आधी ती तशी का झाली हे पाहावे, असा त्यांच्या कामाचा क्रम दिसतो. दादरच्या आईला थोडे सैल व्हावयास सांगावे लागले, कोसबाडच्या आईला थोडे लक्ष द्यावयास सांगावे लागले. एकच ठोकळेबाज उपदेश दोघींना केला असता तर दोन्हीकडे तो वाया गेला असता. शहरात वाढलेल्या, इंग्रजी शिकलेल्या बाईला हे उमगावे ही असामान्य गोष्ट होय.

भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर कोसबाडचा भार अनुताईंनी उचलला आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी आपल्या निधनापर्यंत वाहिला.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशभर अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत. आसामातील, केरळातील, काश्मीरातील आया हा शब्द आपल्या मुलांच्या संदर्भात उच्चारतात. तो बोर्डीच्या कोणत्या अंगणातून निघाला हे त्यांना ठाऊक नसते. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा या वयालाही शिक्षणाच्या रचनेत प्रथमच रीतसर स्थान दिले. एक मात्र आमच्या मनात राहून गेले आहे. पुष्कळ अंगणवाड्या आता पक्क्या खोलीत भरतात, ते आरोग्याच्या व पावसापाण्याच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु दारात बसून तांदूळ निवडता निवडता पाहणारी आई त्यामुळे खोलीबाहेर राहिली आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या भगिनी अंगणवाडीत सेविका अथवा मदतनीस म्हणून काम करतात, त्यांनी आठवड्यातून एखादा दिवस तरी मुलांना घेऊन वस्तीतल्या कोणाच्या अंगणात बसून पाहावे, अशी त्यांना आमची विनंती आहे.

कोसबाडची टेकडी आता नव्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात येते. बोर्डीच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीस जाणारी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांनी अर्धा दिवस अधिक काढून टेकडीवर जावे, आणि जाताना घरातील आजी व सून या दोघींनाही बरोबर न्यावे.